घरच्यांनी दोन शब्द बोलावेत

८ जानेवारी

आज हजर झालो. नवं गाव, नवी खोली, म्हणून वहीसुद्धा नवी. गाव झकास आहे. दोन्ही बाजूंना ऊस आणि मधल्या रस्त्यावर पारगावच्या कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर. ग्रामसेवक आला म्हणून उपसरपंच गोकुळरावांनी मला चक्क फेटा बांधला, वर स्वतःच्या घरामागची खोली दिली. त्यांच्या पत्नी मोहिनीवहिनींनी मासवडी केली होती. चार खाल्ल्या, पाचवी भिडेखातर सोडली. जेवताना गोकुळरावांनी आडनाव विचारलं. गायकवाड म्हटल्यावर खूश होऊन म्हणाले, "म्हंजी आपल्यातलंच की पावणं!" मी पाणी प्यालो. खोटं काही बोललो नाही. आठ वर्षांच्या नोकरीत जातीबद्दल एकदाही खोटं बोललेलो नाही. समोरच्याला हवं ते समजू देतो, बस्स. आता झोपतो.

११ जानेवारी

पहिलंच काम सोपं निघालं. बौद्ध वस्तीतलं समाजमंदिर पाडायचं आहे. जागा रस्त्याला लागून, तिथे दुकानांचे गाळे होणार. इमारत धोकादायक असल्याचा दाखला आधीच आहे. मी फक्त पाहणी करून लिहून द्यायचं की ती वापरात नाही, आत कोणी नाही.

दुपारी बघून आलो. एक लांब खोली, पत्र्याचं छप्पर, लोखंडी दार, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. किल्ली बायडाबाईंकडे असते. सत्तरीच्या आहेत, रोज झाडलोट करतात. त्यांनी न विचारताच सगळा इतिहास सांगितला. ब्याऐंशी साली वस्तीने घोड नदीतून डोक्यावर दगड वाहिले, सरकारचा नुसता पत्रा. "आमची लग्नं हितंच, पोरांचा अभ्यास हितंच. मेल्यालं माणूसबी हितूनच निरोप घेतं. आन् तुमी म्हंता वापर न्हाई?" बघतो म्हणालो. निघताना त्यांनी हात जोडून जय भीम म्हटलं. मी मोबाइल कानाला लावला. फोन आलेला नव्हता.

१५ जानेवारी

फोटो काढायला चार वाजता गेलो. दाराला कुलूप होतं आणि बायडाबाईंकडून मागून घेतलेली किल्ली माझ्याच खिशात. तरी आतून माईकची खरखर ऐकू आली. खिडकीतून पाहिलं तर सतरंजीवर तीसेक माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत, पाठ माझ्याकडे. आदरांजलीची सभा चालली होती. मनात म्हटलं, वापर दाखवायला वस्तीने डाव टाकला. तरातरा जाऊन कुलूप काढलं.

आत कोणी नव्हतं. सतरंज्या कोपऱ्यात गुंडाळलेल्या. फरशीला हात लावला, तर नुकतंच माणूस उठून गेल्यासारखी कोमट. पत्र्याचा उकाडा म्हणायचा.

बायडाबाईंचा पुतण्या संघर्ष वायरमन आहे. त्याला विचारलं, वस्तीत कोणी वारलं का. वर्षभरात कोणी नाही म्हणाला. मग दुरुस्तीसाठीचा, चाळीस सह्यांचा अर्ज त्याने माझ्या हातात दिला. तो मी ड्रॉवरमध्ये टाकला.

१९ जानेवारी

पुन्हा चार वाजता. जायचं नव्हतं, तरी गेलो.

आज शब्द ऐकू आले. बोलणारा सांगत होता की हा माणूस एसटी डेपोत हेल्पर होता, टायर उचलून खांदा कामातून गेला, पण मुलाला शिकवलं. नंतर म्हणाला, "आता घरच्यांनी दोन शब्द बोलावेत." कोणी उठलं नाही. सगळे तसेच वाट बघत बसले. पहिल्या रांगेत कडेला एक पाठ होती, उजवा खांदा खाली गेलेला. सायकलच्या कॅरियरवर बसून त्या पाठीला धरून मी शाळेत जायचो.

ही वही कोण वाचणार आहे? लिहून टाकतो. दादा, म्हणजे माझे वडील, मागच्या वर्षी गेले. आमच्यात माणूस गेलं की काही दिवसांनी समाजमंदिरात सभा होते. लोक बोलतात, शेवटी घरचा माणूस बोलतो, मग सरणत्तयं ही शेवटची गाथा म्हणायची आणि सभा उठते. मी एकुलता एक. सभेला गेलो नाही. त्या दिवशी, तेव्हा नोकरीला होतो त्या गावच्या सरपंचांकडे सत्यनारायण होता. पूजेला नाही गेलो असतो तर कारण सांगावं लागलं असतं, मग माझं गाव कळलं असतं, वस्ती कळली असती. मी तिथे पाटावर बसून शिरा खाल्ला आणि वर दुसऱ्यांदा मागून घेतला. आई फोनवर म्हणाली, लोक दिवेलागणीपर्यंत थांबले, मग एकेक करून निघून गेले. सरणत्तयं कोणी म्हटलंच नाही.

म्हणजे ती सभा अजून उठलेलीच नाही. माझी मलाच शिसारी येते.

२३ जानेवारी

लिहून दिलं. "वापरात नाही. आत कोणी नाही." सही, शिक्का. मी नाही म्हटलं असतं तर गोकुळरावांनी विचारलं असतं, तुम्हाला त्या वस्तीचा एवढा पुळका का?

संघर्षने अर्जाचं विचारलं. वर पाठवला म्हणालो. "लई उपकार झालं सायेब." हे मात्र खोटंच, त्याच्या तोंडावर. तो हात जोडून उभा होता आणि मला त्याच्याकडे बघवेना.

२५ जानेवारी

आता चारच वाजायला पाहिजेत असं नाही. कचेरीत, अंघोळीला बसल्यावर, वहिनी ताट वाढताना — घरच्यांनी दोन शब्द —

घास उतरत नाही. गोकुळराव म्हणतात, उसातल्या बिबट्याला भ्यालात का काय राव? हो म्हटलं. सगळे हसले. मीही हसलो.

२७ जानेवारी

उद्या सकाळी जेसीबी.

खिडकीपर्यंत गेलो. रांगा वाढल्यात. दारापर्यंत माणसं. कधीच वारलेली आजी आहे. आणि बायकांमध्ये आई. आई तर जिवंत आहे — तिथेच उभं राहून फोन लावला. तिने उचलला. कुठे आहेस विचारलं. म्हणाली, "हाय की हितंच. समदी तुझीच वाट बघत्यात." तिच्या आवाजामागे माईकची खरखर —

पळालो. लाज वाटते. भीतीपेक्षा लाजच जास्त.

२८ जानेवारी, सकाळ

त्यांना बाहेर काढायला आलो. उठा म्हटलं. कोणी उठत नाही. सभा संपल्याशिवाय कोण उठेल?

दार मागे लागलं. कडी निघत नाही. हाका मारतो, आवाज फुटत नाही —

बाहेर मशीन सुरू झालं. गोकुळराव ड्रायव्हरला सांगतायत, "घाल बिनधास्त. आत कुनी न्हाई. सायबांनी लिवून दिलंय."

भिंत हलली. माती पडतेय. कोणी मान वळवत नाही. दादा समोर बघतायत. माईक माझ्या हातात दिलाय —

तोंडातून येत नाही. लिहितो. दादांना वाचता यायचं —

जय भीम. मी भागुजी गायकवाडांचा मुल