शेवटच्याला कोण मोजतं

९ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय शेंडेफळ,

इतके महिने पत्र नाही, फोन नाही. रागावली असशील तर तो राग माझ्या हक्काचा आहे. सुरुवात अनेकदा केली, पण तुझ्या गुडघ्यांबद्दल काय लिहावं तेच कळेना. धीर द्यावा तर खोटं वाटायचं, आणि कीव केली असती तर तू मला पुन्हा दारात उभं केलं नसतंस. की हा सगळा बहाणा आणि खरं कारण नुसता आळस? आता विचारून उपयोग नाही.

काल आम्ही ग्रुपमधले सगळे नदीकाठच्या जंगलातून वरच्या खिंडीपर्यंत जाऊन आलो. पुढे मास्तर, नेहमीसारखे काठीने वाट दाखवत आणि नेहमीसारखेच चुकत. जवळची वाट म्हणून त्यांनी आम्हाला काटेरी झुडपांतून नेलं. दंतवैद्य म्हणाले, मास्तरांची जवळची वाट म्हणजे माझं ‘अजिबात दुखणार नाही’. बँकेतलं जोडपं चढणीवर भांडलं आणि उतारावर बोलेनासं झालं, म्हणजे त्यांचं सगळं क्षेमकुशल आहे.

शिट्टी आता माझ्याकडे असते, हे तुला कुणी कळवलं का? तू यायची थांबलीस तेव्हा मास्तरांनी ती माझ्या गळ्यात घातली. पुढच्याने वाट शोधायची, मागच्याने माणसं राखायची, हा आपला नियम. पण तुझ्याबरोबर मागे चालणं म्हणजे गप्पा होत्या. वयाने सगळ्यांत थोरली असून रांगेच्या टोकाला राहायचीस, म्हणून तर तुला शेंडेफळ नाव पडलं. आता मला नुसत्या पाठी दिसतात. हसणं पुढे कुठेतरी होतं, माझ्यापर्यंत त्याचं शेपूट तेवढं पोचतं. काल ओढा ओलांडल्यावर सवयीने मागे वळून हात पुढे केला. मग तोच हात कपाळावर नेला, ऊन लागत असल्यासारखा. बघायला तरी कोण होतं!

परत पुलापाशी आलो तेव्हा उन्हं कलली होती. मी तुझ्यासारखी बसच्या दारात उभी राहिले, चढणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारत मोजलं आणि म्हणाले, “सगळे आले, सोडा गाडी.” तेवढ्यात नदीतल्या खडकावर माझा थर्मास दिसला. आलेच, असं कुणाला तरी, म्हणजे कुणालाच नाही, सांगून मी खाली उतरले. थर्मास घेऊन वर येते तर रस्त्यावर नुसती धूळ.

दोष कुणाला देणार? माझ्याच शब्दावर गाडी सुटली होती. फोन पिशवीत, पिशवी बसमध्ये. मी शिट्टी वाजवली. मग लक्षात आलं, मागे राहिलेल्याला शोधायचं ते तर माझंच काम. पुलाच्या कठड्यावर बसून राहिले. खाली पाणी आपल्या नादात चाललं होतं. पुढे चहाला थांबल्यावर एक कप उरला, तेव्हा कुठे त्यांना मी नसल्याचं कळलं. परत आले बिचारे. मास्तर माझ्याकडे बघेनात, बँकेतली रडायला लागली, आणि मी सगळ्यांना हसवत राहिले. घरी येऊन बुटांच्या नाड्या सोडताना मात्र हसू टिकलं नाही.

त्या कठड्यावर एक गोष्ट उमगली. इतकी वर्षं तू कधी मागे कशी राहिली नाहीस? तू सगळ्यांना मोजून वर चढलीस की ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरून मी तुझ्या पाठीत एक धपका घालायचे. आपल्याला ती थट्टा वाटायची. गाडी सोडायला तू त्यानंतरच सांगायचीस.

आज सकाळी फोनवर ती करडी ओळ दिसली, तू ग्रुप सोडल्याची. बाकीच्यांना वाटतंय तू नंबर बदललास. मला मात्र तू जिन्यावर बसून म्हणालेलं आठवलं, की ज्याला चढता येत नाही त्याने जागा अडवू नये. म्हणून हे पत्र. तुला चढायचं नाहीच. बस पायथ्यापर्यंत जाते. तू पुलापाशी स्वेटर घालून बस, नदी बघ, ड्रायव्हरला चार गोष्टी सुनाव. आम्ही उतरल्यावर मी सगळ्यांना मोजेन, आणि मग माझ्या पाठीवर कुणाचा तरी हात पडायला हवा. मास्तरांना सांगितलं तर तेही करतील. पण सांगून मिळवलेली थाप मला नको गं. दया म्हणून बोलावत नाहीये. मला गरज आहे. ये.

वाट पाहत कठड्यावर बसलेली,
तुझीच,
हल्लीची शेंडेफळ

उद्या: बसवाल्याला फोन करून त्याच्या मागची सीट तुझ्यासाठी धरून ठेवायला सांगणे.