ओल्हाबाबाची रवानगी

ब्लँचर्डस्टाउन, मंगळवार, नोव्हेंबर

पलीकडच्या हॉटेलात सरकारने ठेवलेल्या युक्रेनियन निर्वासितांपैकी ओल्हाला आज दूरच्या गावी हलवलं. मी तिला ठेवून घेऊ शकले असते, म्हणून लिहायला बसले.

शेजारची हंगेरियन इल्दिको कामावर गेली की ओल्हाच तिची तान्ही मुलगी सांभाळायची. इल्दिको मुलीला ‘बाबा’ म्हणते, म्हणजे बाळ. ओल्हा स्वतःला ‘बाबा’ म्हणवते, म्हणजे आजी. आमच्यात बाबा म्हणजे वडील, असं मी सांगितलं तेव्हा ओल्हा म्हणाली होती, “मग इल्दिकोला नवऱ्याची गरजच उरली नाही.”

आज इल्दिकोने सरळ विचारलं, “तुमची वरची खोली रिकामी आहे ना?”

“नाताळला मुलगा येतो.”

“चार दिवस येतो.”

यावर मी काय करावं? कॉलेजात रशियन शिकलेली मी, तिला बाबा शब्दाची मुळं सांगत बसले. हंगेरियनमध्ये त्याचा अर्थ बाहुलीसुद्धा होतो, हे हंगेरियन बाईलाच. ओल्हा कोट घालून, बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होती.

वरच्या खोलीत आहे काय? इस्त्रीचं टेबल. मग मी ‘नाही’ का म्हटलं?

बस आली. चालकाच्या ताब्यात दिलं: एक बॅग, औषधांची पिशवी, ओल्हा.