पिस्टन बसले, पण जुळले का?

वोलोस, ४ ऑगस्ट १९८७

ती. स्तामातिसदादास,
पोलिक्सेनीचा सा. न. वि. वि.

आर्गिरिसच्या शर्यतीच्या गाडीसाठी तू जर्मनीहून पाठवलेले पिस्टन पोचले. तुझ्या मेहुण्याने खोकं जेवणाच्या टेबलावरच फोडलं आणि माझी वांगी गार झाली. एकेक पिस्टन सिलिंडरमध्ये लोण्यासारखा बसला म्हणे. आर्गिरिस इतका खूश आहे की शेजारच्या म्हातारीलाही बोलावून दाखवले. तिने ते अत्तरदाणीसारखे हुंगले!

पण दादा, दोन्ही पत्रांत तू एकच विचारलंस: कॅमशाफ्ट कारखान्याचाच आहे ना, हेड घासलेलं नाही ना? मी विचारलं की तो हसतो. म्हणतो, तुझा भाऊ घड्याळजी व्हायचा, चुकून इंजिनांत शिरला. मला मात्र झोप नाही. गेल्या वर्षीच्या शर्यतीत याच पेलिओन डोंगराच्या चढावर पानागोसचं इंजिन जाम झालं आणि गाडी चेस्टनटच्या झाडांत उतरली. अजून तो कुबडीवर चालतो. शर्यत ६ सप्टेंबरला आहे. खरं काय ते मला समजेल असं लिही.

एल्फीवहिनींना माझी आठवण सांग. त्यांच्यासाठी बिहीदाण्याच्या फळांचा मुरंबा ठेवलाय.

तुझी धाकटी,
पोलिक्सेनी

---

श्टुटगार्ट, १३ ऑगस्ट

चि. पोलिक्सेनीस,
अनेक आशीर्वाद.

बसला म्हणजे जुळला असं नसतं गं. हे पिस्टन माथ्यावर फुगीर आहेत, जोर त्यानेच वाढतो. पण पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह, म्हणजे वरची झडप, खाली उघडत असतो. त्याच्यासाठी माथ्यात खळगे आहेत, तेही कारखान्याच्या कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, हिशेबाने. शर्यतीचा कॅमशाफ्ट व्हॉल्व्हला जास्त खाली ढकलतो. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, घासून पातळ केलं तर अंतर आणखी घटतं. मग वेगात दोघांची टक्कर होते आणि पानागोसचं झालं ते होतं.

आर्गिरिसला सांग, खळग्यांत मुलांची खेळायची माती चिकटव, हेड बसव, इंजिन हाताने हळू फिरव, मग हेड काढून माती सुरीने काप. जिथे सगळ्यात पातळ असेल तिथे निदान दोन मिलिमीटर राहायला हवी. रागावला तर रागावू दे. माझ्या नावाने शिव्या घालू दे, पण करायला लाव.

मुरंबा माझ्यासाठी नाही का?

तुझा दादा,
स्तामातिस

---

वोलोस, २५ ऑगस्ट

ती. दादास, सा. न. वि. वि.

केलं. शेवटी मीच माती आणून त्याच्यासमोर उभी राहिले. कापली तेव्हा एका ठिकाणी सिगरेटच्या कागदाएवढी उरली होती, पलीकडचं बोट दिसत होतं. मी म्हटलं, आता बोल. तेव्हा कुठे तोंड उघडलं. कॅमशाफ्ट सालोनिकीच्या एका शर्यतवाल्याकडून घेतलेला आहे आणि हेडही घासून आणलंय. तुला मुद्दाम सांगितलं नाही.

मी ओरडले, तोही ओरडला. म्हणे, मातीच जुनी होती, तुझा भाऊ जर्मनीत बसून माझं इंजिन उघडतो, शर्यतीला मी जाणार म्हणजे जाणार. आता गॅरेजला आतून कडी आहे. जेवणाचं ताट मी दाराशी ठेवते, रिकामं परत येतं. दुसरे पिस्टन पाठवता येतील का रे?

पोलिक्सेनी

---

श्टुटगार्ट, २ सप्टेंबर

पोली,

आज मायना राहू दे. कॅमशाफ्टचे खरे आकडे कळल्याशिवाय दुसरे पिस्टन निवडणं म्हणजे पुन्हा आंधळ्यासारखं करणं. तुमच्या खालच्या बेकरीत फोन लावला, कोणीतरी पाव हवे का विचारून ठेवून दिला. पुन्हा लागेना. त्याला गाडीत बसू देऊ नकोस. किल्ली लपव, पाया पड, काहीही कर. हे पत्र रविवारच्या शर्यतीआधी पोचणार नाही हे ठाऊक आहे, तरी लिहितोय, कारण हात स्वस्थ बसत नाहीत. एल्फी सारखी खिडकीशी जाते, जणू तिथून पेलिओन दिसतो.

स्तामातिस

---

वोलोस, ७ सप्टेंबर

ती. दादास व सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

जिवंत आहे. आधी तेवढंच वाचा.

काल तो गेलाच. मीही गेले. सकाळच्या सरावात वर जाऊन आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, इतका जोरात चढला होता. मग खऱ्या फेरीसाठी रांगेत लागला. पुढची गाडी सुटली. आणि आर्गिरिसने इंजिन बंद केलं. खाली उतरला, दाराला खांदा लावला आणि गाडी एकटाच मागे ढकलू लागला. पोरं शिट्ट्या मारत होती, कोणी म्हणालं, बायकोची आठवण झाली वाटतं! मी धावले आणि दुसऱ्या बाजूने ढकलायला लागले.

नंतर म्हणाला, सरावात वरच्या वळणावर टिक्क असं वाजलं, पेल्यावर चमचा लागावा तेवढंच. दुसऱ्या कोणाला ऐकूही आलं नसतं. रांगेत बसल्या बसल्या ते टिक्क कानातून जाईना.

घरी हेड काढलं. तिसऱ्या पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हच्या काठाची नखाएवढी चंद्रकोर उमटली होती. त्याने माझं बोट धरून त्यावर ठेवलं. बराच वेळ सोडलं नाही. खाली तो स्वतः लिहितोय, म्हणून मी इथेच थांबते. आमच्यावर लोभ असू द्या, आता तर तो दोघांनाही लागेल.

पोलिक्सेनी

दादा, कॅमशाफ्ट शर्यतीचा आहे आणि हेड घासलेलं आहे. आधी सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, म्हणून सांगितलं नाही. मागच्या बाजूला सगळी मापं लिहिली आहेत, पुन्हा पुन्हा घेऊन. यांच्याशी जुळतील ते पिस्टन तुम्हीच निवडा. घाई नाही.

आर्गिरिस