अण्णांचा गुडघा

मंगळवार, संध्याकाळ

मोबाईलवरच्या रमीत बुडालो आणि देणं फेडायला मोटरसायकल विकली. अण्णांना मात्र थाप मारली, डॉक्टरनं चालायला सांगितलंय. सख्ख्या बापाशी असं खोटं बोलवलं कसं मला? तेव्हापासून अण्णा रोज सकाळी येरमाळ्याच्या स्टँडपर्यंत माझ्यासोबत चालतात. गुडघा दुखतो, तरी. आज मी एसटीत चढताना त्यांनी हात पुढं केला. "तुझा मोबाईल दे. माझा बटनाचा घे."

म्हणजे सगळं ठाऊक होतं! दिला. दिवसभर वर्गात शिकवताना त्यांचा तो गुडघाच डोळ्यांपुढं.

संध्याकाळी उतरलो, तर अण्णा स्टँडवर उभे. म्हणाले, "चल. डॉक्टरनं सांगितलंय न्हवं?"