वाकड्या झाकणाची हजेरी

गुरुजी,

तुम्ही जाऊन बारा-तेरा वर्षं झाली, आणि मी आज दुपारची गिरणी बंद करून पिठाच्या हातानं तुम्हाला लिहायला बसलेय. खरं तर मोबाइलवर गिरणीच्या ग्रुपला चार ओळी टाकायच्या होत्या. सकाळपासून मोबाइल घेते, ठेवते, दारापर्यंत जाऊन येते, परत घेते. लिहिलं जात नाही. मग कॅलेंडरचं मागचं पान फाडलं. तुम्हाला लिहिलेलं वाचून कोणी गप्प बसेल, ही तरी भीती नाही.

चौथीतलं तुम्हाला आठवतं का? मी शेवटच्या ओळीत बसायची आणि शेजारची आली नाही की तिच्या नाकातल्या आवाजात "हजर" म्हणायची. तीन दिवस म्हटलं. तुम्ही मान वर न करता खूण करत गेलात आणि मी ओंजळीत तोंड घालून हसत राहिले. चौथ्या दिवशी तिचा बाप तुम्हाला बाजारात भेटला. तिची आई अंथरुणाला खिळलेली, आणि पोरगी घरी तान्ह्या भावाला घेऊन बसलेली. तुम्ही वर्गात आलात, पट्टी उचललीत आणि परत टेबलावर ठेवलीत. मला आत्ता ती पट्टी दिसतेय, कडेला शाई लागलेली. तुम्ही एवढंच म्हणालात, "मी तिला शाळेतच समजत होतो. म्हणून तिच्या घरी गेलो नाही." कारण पोर आलं नाही की संध्याकाळी तुमची सायकल त्याच्या दाराशी, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मग तुम्ही हजेरीचं पुस्तक माझ्याच हातात दिलंत. आजपासून तू घे, म्हणालात, पण नुसता आवाज ऐकून खूण करायची नाही, तोंड बघून करायची.

त्या पुस्तकावरच माझी गिरणी चालली, गुरुजी. आमचे हे सुरतेत कापडाच्या लूमवर होते. म्हातारपणाची सोय म्हणून त्यांनी तिथल्याच गोडादऱ्यात ही गिरणी टाकली आणि म्हातारे व्हायच्या आधीच गेले. गिरणी राहिली. आवाज दोघांचा सारखाच, फक्त गिरणीचं बटण माझ्या हातात आहे. दारात मी एक बाकडं टाकलं, दळण होईपर्यंत बायांनी बसावं म्हणून. नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, डबे राहतात. म्हणून निळा डबा, बिस्किटाचा डबा, कडी तुटलेला डबा अशीच नावं पडली. गंमत म्हणून मी हजेरीचं एक पुस्तक केलं आणि चार वाजता हजेरी घ्यायला लागले. जय भीमवाल्या, राम रामवाल्या, केम छोवाल्या, सगळ्या एका बाकड्यावरून हजर म्हणतात. दळण नसलं तरी येतात. आणि एक नियम केला: एखादा डबा आठ दिवस दिसला नाही की त्याच्या गल्लीतलीनं जिना चढून बघून यायचं. दळण विचारायचं नाही, माणूस बघायचं. सायकल नव्हती माझ्याकडे, बाया होत्या.

मग कोपऱ्यावर तयार पिठाच्या पाकिटांचं दुकान आलं. मुलगी माझी ऑफिसात आहे, तिनं मला ग्रुप करून दिला. म्हणाली, मम्मी, ही नुसती गिऱ्हाइकं नाहीत, ही तुझी कम्युनिटी आहे, ग्रुप थंड पडू देऊ नको. ते बरोबरच होतं. मी रोज कोणाच्या ना कोणाच्या डब्याची टिंगल टाकायची आणि बाया हसायच्या. पण त्याच महिन्यात निळा डबा पाकिटावर गेला, मग बिस्किटाचा. मला झोप येईना. तेवढ्यात कोणीतरी विचारलं, वाकडं झाकण दिसत नाही, तेही गेलं का?

वाकडं झाकण म्हणजे मागच्या गल्लीतली, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, आमच्या खानदेशातलीच. ज्वारीत उडीद घालून कळण्याचं पीठ नेते, तेही जाडसर. तिच्यासाठी मी जातं वेगळं लावते. मुलगा हजीऱ्याला कंपनीत, तिकडेच राहतो. ही वरच्या खोलीत एकटी. मला वाटलं, हिचंही नाव पाकिटाकडे गेलं तर उरलेल्याही तिकडेच रांग लावतील. मी लिहिलं, कालच दुपारी दळून नेलं की तिनं, तुम्ही घोरत होतात. वर हसणारं तोंड टाकलं. दोन दिवसांनी परत विचारलं, मी परत तेच सांगितलं. मग कोणी विचारलं नाही. आणि जिनाही कोणी चढलं नाही.

तापानं पडली होती ती. नवव्या दिवशी मुलगा आला, त्यानं दार तोडलं, तीन दिवस सलाइन लागलं. घरी आणल्यावर मी दोन किलो कळण्याचं पीठ घेऊन गेले. जिन्यात ठरवत होते, काय बोलून हसवायचं. तिनं पीठ बघितलं, मला बघितलं. शेजारणीनं तिला ग्रुपवरचं माझं लिहिलेलं दाखवलं होतं. अगदी हळू, आमच्या अहिराणीत म्हणाली, "मी उनूच नही, आनि तू माले हजर करी टाकं?"

आली नव्हतीच ती. मी पीठ ओट्यावर ठेवलं. ती म्हणाली, घेऊन जा. मग मी पायरी उतरत असताना म्हणाली, बाकड्यावर सांग, मग बघू.

त्याला अकरा दिवस झाले. बाकीच्यांना वाटतंय, दळून नेल्यावर तिला ताप आला. रोज चारला मी तिचं नाव गाळून पुढे जाते. सांगितलं तर बाया म्हणतील, हिच्या दारात बसण्यापेक्षा पाकीट बरं, ते निदान खोटं बोलत नाही. दोन घरं उरतील, नाहीतर तीही नाही. मधे उठून मी गिरणीचा पट्टा बघून आले, तो ठीकच होता. पाणी प्यायले. आता साडेतीन.

लिहिलं, गुरुजी. तुमचं पान बाजूला ठेवून ग्रुपवर लिहिलं. वाकडं झाकण त्या दिवसांत आलंच नव्हतं, मी खोटं सांगितलं, म्हणून तुम्ही कोणी बघायला गेला नाहीत. हसणारं तोंड टाकलं नाही. मग कडी तुटलेल्या डब्याचं आलं: मग माझ्या पिठाचं वजन पण तूच सांगत होतीस ना? त्यानंतर मोबाइल थरथरतोय आणि मी तो पालथा ठेवलाय. चारला बाकडं भरेल की रिकामं राहील, मला माहीत नाही. मी पुस्तक घेऊन बाहेर बसणार. तिच्या नावापुढे नऊ दिवस गैरहजर लिहिलं आहे, माझ्याच हातानं.

हे पान मी कुठे पाठवणार? पिठाच्या डब्याखाली जाईल. पण हात लागलाच आहे तर अजून एक. गावाकडच्या सगळ्यांना मी सांगत आले की तुमच्या दहाव्याला मी नदीवर होते, मागे उभी होते, गर्दीत दिसले नसेन. मी नव्हते. त्या दिवशी नवी मोटर बसवायला माणूस येणार होता. तेवढी माझी हजेरी खोडा.