इंदूच्या सासरची झडती

धुळे, चैत्र वद्य षष्ठी, शके १८५९

तीर्थस्वरूप वच्छलाअक्कास,

धाकट्या भाईदासाचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. उन्हाळ्यामुळे तुझे गुडघे जरा बरे असतील असे धरून चालतो (नसतील तर एरंडाचे पान बांध, वैद्याचे तेल घेऊ नको, त्यात नुसते गोडेतेल असते असा मला दाट संशय आहे). पहूरला जाता-येता दोन्ही वेळा चाळीसगावला गाडी बदलली आणि तुझ्याकडे डोकावलो नाही, हे तुला कोणीतरी सांगितले असेलच. जाताना घाई होती आणि येताना तोंड दाखवायची सोय नव्हती. का, ते आता सांगतो.

आपल्या इंदूला पहूरला देऊन तीन वर्षे झाली. लग्नानंतर सहा महिन्यांत तिची आई गेली, तेव्हापासून दर महिन्याला पोरीचे पत्र येते आणि त्यात मजकूर एकच: आम्ही सर्व आनंदात आहोत, काही कमी नाही. अक्का, तूच सांग, सासरी नांदणाऱ्या मुलीच्या इतक्या पत्रांत एकही गाऱ्हाणे नसावे? मी तीस वर्षे जकात नाक्यावर काढली आहेत. ज्या गोणीचा मालक हसून बोलतो, त्या गोणीत सळई जरा खोल खुपसायची, हा माझा शिरस्ता. तेव्हा म्हटले, आपण स्वतः जाऊन पाहावे. मुलीच्या घरी बापाने दोन दिवस राहावे आणि तिसऱ्या दिवशी टोपी डोक्यावर घालावी, अशी आपली रीत आहे हे मला ठाऊक आहे. मी नऊ दिवस राहिलो. तपास अर्धवट टाकता येत नाही.

पहिल्याच दिवशी माझा संशय बळावला. त्या घरात विकतचे म्हणून काही दिसेना. दात घासायला घरची राखुंडी, अंग चोळायला घरचे डाळीचे पीठ, बाज विणलेली ती घरच्या अंबाडीच्या दोराने (आणि तो दोर माझे जावई बन्सीलाल स्वतः वळतात, वर गुणगुणतातही). जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, ज्वारीचे भाजलेले बिबडे. व्याही लोटननाना पहिला घास घेऊन रोज म्हणतात, "वा!" रोज तीच भाकरी, रोज तोच "वा!" अशा माणसावर विश्वास कसा ठेवावा? विहीणबाई मंजुळाबाई तर माझ्यासमोर पदर ओढून असतात, त्यामुळे त्यांच्या मनात काय चालले आहे त्याचा पत्ताच लागत नाही. मला मात्र पहिल्या जेवणापासून डोळ्यांना धारा लागल्या होत्या, कारण तो ठेचा. इंदूची आई गेल्यापासून मी खानावळीचे फिके खातो आणि तिखट पार सुटले आहे, पण हे पोरीला कोणी सांगावे?

चौथ्या दिवशी धागा सापडला. दुपारी जेवणे झाली की नाना आणि जावई शेतात जात, आणि सासू-सुना कोठीच्या खोलीत शिरून दार आतून लावून घेत. मग आतून दबक्या आवाजात कुजबुज, मध्येच काहीतरी आपटल्याचा आवाज, पुन्हा कुजबुज. मी ओसरीवरून खाकरलो की सगळे चिडीचूप. तीन दिवस मी हे ऐकले. माझ्या मनात काय काय येऊन गेले ते लिहीत नाही. पोरीला आत कोंडून बोलतात की काय, इथपर्यंत विचार गेला.

सातव्या दिवशी मी चपला काढल्या, दबकत गेलो आणि दाराला कान लावला. आत चक्क भांडण चालले होते! मंजुळाबाईंचा आवाज मी प्रथमच ऐकला. त्या म्हणत होत्या, "तुह्या बापाले तिखट सोसत नाही वं! जेवताना डोये पुसता ते, माले दिसत नाही का?" आणि आपली इंदू (भांडताना ती अजून धुळ्याची भाषा बोलते, हे ऐकून मला फार बरे वाटले) तडकून म्हणाली, "मना आबाले फिकं चालत नही! मी वळखस ना त्यास्ले!" त्यावर सासूबाई, "तीन सालापह्यले वयखत व्हती!" आणि पुन्हा पाटावर पिठाचा गोळा आपटल्याचा आवाज.

अक्का, माझा जीव इतका हलका झाला म्हणून सांगू! या घरातही भांडतात, चारचौघांसारखे भांडतात, आणि भांडतात तेही माझ्या ताटातल्या मिरचीवरून. त्या आनंदात मी दारावर जरा जास्त रेललो. कडी जुनी होती. दारासकट मी आत गेलो आणि बाजेवर वाळत घातलेल्या शेवयांवर पालथा पडलो. चिमण्या येऊ नयेत म्हणून त्या दोघी दार लावत होत्या, एवढेच. चार दिवसांच्या शेवयांचा भुगा झाला आणि थोडा माझ्या मिशीतही गेला. नेमके त्याच वेळी नाना शेतातून परत आले. "भाईदासभाऊ, काय पाहिजे व्हतं तुम्हाले?" त्यांनी अगदी गंभीरपणे विचारले. मी म्हणालो, "मीठ." त्यावर मंजुळाबाई पदराआडून जे हसल्या, ते इंदूला धरून खाली बसेपर्यंत हसल्या.

पुढचे दोन दिवस मी भरपाई केली. त्या दोघी नव्या शेवया वळत होत्या आणि मी काठी घेऊन अंगणात चिमण्या हाकत होतो. ताटात ठेचा नव्हता, आमटीत गुळाचा खडा होता. मंजुळाबाई पदर जरा मागे सारून "चिमनी, चिमनी, तिकडे!" असे मला ओरडून सांगू लागल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ध्यानात आले की सकाळपासून मला एकही तक्रार सुचली नाही. घाबरून मी इंदूला कपाळाला हात लावून पाहायला सांगितले. ताप नव्हता.

तर तपास पुरा झाला, पोर सुखात आहे, तू निश्चिंत राहा. सर्वांस यथायोग्य सांगावे.

तुझा
भाईदास

ता. क. निघताना पहूरच्या स्टेशनावर नाना म्हणाले, "भाऊ, तिकडे एकल्यानं काय करता? इथीच राहा." गाडी हलल्यावर असे बोलायला कोणाचे काय जाते, असे मला प्रथम वाटले. पण ती छोटी गाडी इतकी रेंगाळत निघते, की नाना डब्याबरोबर चालत चालत तेच आणखी दोनदा म्हणाले. आता मला कळेनासे झाले आहे. मुलीच्या घरी बाप कायमचा राहिला तर लोक काय म्हणतील? तुझा मंजुळाबाईंशी घरोबा आहे. नाना मनापासून म्हणाले की रीत म्हणून, एवढे काढून घे. माझे नाव मध्ये येऊ देऊ नको.

ता. क. दुसरे. उत्तर धुळ्याला पाठवू नको. तिथली खोली मी सोमवारी सोडली.

ता. क. तिसरे. हे पत्र टपालात टाकत नाही, स्वतःच आणून देतो. तोंडाने यातले एक अक्षर मला बोलवणार नाही. तू सावकाश वाच, तोवर मी बाहेर ओट्यावर ट्रंकेवर बसलो आहे.