हातातले बूट

बाबा,

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि या नोव्हेंबरात मी अनवाणी पळायला लागले. हे वाक्य तुमच्या तोंडावर बोलले असते तर तुम्ही पेपरची घडी घालून बाजूला ठेवली असती, चष्मा काढला असता, आणि मग माझं काही खरं नव्हतं. माझ्याकडे बूट आहेत, चांगले चार जोड आहेत. तरीही इकडे जर्मनीत, बोब्लिंगेनच्या जंगलाकडेच्या डांबरी रस्त्यावर, गवतावरचं दव गोठलेलं असताना, पन्नाशीला टेकलेली तुमची मुलगी उघड्या पायांनी पळते. गुडघा कुरकुरायला लागला म्हणून अनवाणी पळण्याच्या वर्गाला गेले, हे सगळ्यांना सांगते. तुम्हाला मात्र पळण्याबद्दल लिहायचं नाही. तुमच्या नातीला शुक्रवारी शाळेत रेफेराट द्यायचं आहे, म्हणजे वर्गासमोर उभं राहून भाषण. तिने विषय निवडलाय तो तुम्ही. म्हणून बसले लिहायला.

आपलं स्वयंपाकघर आठवतं. स्टोव्हच्या बाजूला जुना पेपर पसरून तुम्ही रोज सकाळी बूट पुसायचात, आधी डेपोतून मिळालेले तुमचे, मग माझे शाळेचे. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "अहो, निदान चुलीपाशी तरी बूट नकोत." तुम्ही ब्रश न थांबवता म्हणायचात, "आपल्याकडे देव्हारा नाही. जागा मोकळीच आहे." एकदा चहाची पत्ती आणायला मी तशीच, उघड्या पायांनी, कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. परत आले तर तुम्ही दारातच उभे. शेजारची सगळी बघत असताना कानाखाली दिलीत. "कुणाची पोर अनवाणी फिरते? उपाशी फिर एक वेळ, पण पायात घाल!" मी सात वर्षांची होते. गाल दुखला त्यापेक्षा जास्त वेळ मला अभिमान वाटत होता. माझ्या बापाला पायातल्या बुटाची किंमत कळते, असं मी समजत होते.

आमच्या ऑफिसात एक पुण्याचा इंजिनिअर आहे. कॉफीच्या मशिनपाशी त्याने गाठलं. "काय मॅडम, अनवाणी म्हणे? अहो, हे सगळं आपलंच! आमचे आजोबा पहाटे शेतात अनवाणी चक्कर मारायचे. मातीशी नातं! या जर्मनांना आत्ता कळतंय."

"माझे आजोबाही अनवाणीच असायचे," मी म्हटलं. "तुमच्या आजोबांच्या ओट्यासमोरून जाताना."

"आल्झो..." म्हणजे "तर मग..." एवढंच म्हणाला, आणि मशिनचा ट्रे पुसायला लागला. ट्रे स्वच्छच होता.

उत्तर चोख होतं. फ्रँकफर्टला चौदा एप्रिलच्या जयंतीच्या सभेत दिलं असतं तर टाळी पडली असती. आजोबांच्या पायांबद्दल मी खरं बोलते, बाबा. खोटं बोलते ते तुमच्या पायांबद्दल.

आता त्या पळण्याच्या वर्गाचं ऐका. शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. पहिल्या दिवशी एक मिनिट पळायचं, एक मिनिट चालायचं, असं जेमतेम दहा मिनिटं. टाच आधी आपटली की कवटीपर्यंत ठणका जातो, तेव्हा पाय आपोआप हलका पडायला शिकतो. पोटऱ्या तीन दिवस अशा धरल्या की जिना मागे तोंड करून उतरले. नियम एकच : बूट हातात घेऊन पळायचं. थंडीत तळवा बधिर होतो, मग काय टोचतंय ते कळत नाही. बधिर झालं की लगेच बूट घालायचे. सगळ्यांनी बूट हातात घेतले. बँकेतला माणूस, एक नर्स, दोन विद्यार्थी, सगळे हसत, गप्पा मारत निघाले. मी माझे गाडीच्या डिकीत ठेवले आणि डिकी बंद केली.

"तुमचे बूट?" बाईंनी विचारलं.

"नकोत."

"हातात तरी घ्या."

"हातात तर मुळीच नाही," मी म्हटलं. मला वाटतं मी ओरडलेच. चौथ्या आठवड्यात काच लागली. परत गाडीशी येईपर्यंत मला पत्ता नव्हता. नर्सने मागे बर्फावर रक्ताचे ठसे बघितले. पाच टाके पडले.

मी दहा वर्षांची होते. आत्या वारली म्हणून आपण दोघं गावी गेलो. पाटलांच्या आळीच्या तोंडाशी तुम्ही थांबता, खाली वाकता. मला वाटतं, माझी लेस सुटली. तुम्ही स्वतःच्या बुटांच्या गाठी सोडता, मोजे आत कोंबता, आणि बूट डाव्या हातात घेता. उजव्या हातात माझा हात. "तू राहू दे घातलेले," एवढंच म्हणता. ओट्यावरचा म्हातारा डोळे बारीक करून बघतो. "कोन रं? डेपोतला का? शिकला, पर रीत न्हाई इसरला!" आणि तुम्ही हसता, बाबा. "नाही विसरलो, आबा." कुणी सांगितलं होतं? नोकरी सरकारी होती, कायदा तुमच्या बाजूचा होता, त्याच घरातली पोरं "डेपोत चिकटवून द्या" म्हणत तुमच्याकडे यायची. घरी गेल्यावर हे कुणाला सांगू नकोस, असंही तुम्ही म्हणाला नाहीत. म्हणाला असतात तर निदान लाज वाटली असं तरी कळलं असतं.

वीस वर्षं मी सभांमधून सांगतेय की माझा बाप त्या आळीतून बूट वाजवत गेला. लोक उभे राहतात. तुमची बहीण तिकडे घरात निजवलेली होती, हाताला लहान पोर होती, तुम्हाला त्या दिवशी भांडण नको होतं, हे सगळं मला पाय बांधून घरी बसल्यावर सुचलं. म्हणून राग गेला असं समजू नका. ते हसू कशासाठी होतं, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

आज दुपारी तुमची नात कागद घेऊन आली. मी बँडेज बदलत होते. तिला मराठी समजतं, बोलते जर्मनमध्ये. आजोबा बूट घालूनच गेले ना, सगळ्यांच्या समोर, तिने विचारलं. दाराशी उभी होती, पेन उघडं.

"या," मी जर्मनमध्येच हो म्हटलं. "गेनाऊ." अगदी तसंच.

तिने कागदावर खूण केली आणि गेली. मला तुमची लाज वाटली म्हणून मी खोटं बोलले, असं लिहिणार होते. तसं नाही. भाषण चांगलं लिहून झालं होतं, ते मोडवलं नाही. आणि हे पत्र मी मराठीत लिहिलं, कारण तिला अजून मराठी वाचता येत नाही.